घरात कुणाला इसब आहे का?

राजूरच्या दवाखान्यात मला काम मिळालं तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि पहिल्याच दिवशी दोनदा खोटं बोलले.

दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता. चाळिशीच्या, सडपातळ, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलणं मोजकं. माझे वडील तिकडे मिरजगावजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. आम्ही ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती. चर्चमधल्या कुणीतरी वडिलांना सांगितलं, की बाईंना केसपेपर लिहायला आणि मलमपट्टी करायला एक शिकलेली मुलगी हवी आहे. मी सातवीची, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली होते. वडील हो-नाही करत होते, तोवर मी ट्रंक भरली.

मिरजगाव नगर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि राजूर दुसऱ्या. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. नगरहून निघालेली आमची मोटार दर चढाला धापा टाकायची. संगमनेरला ड्रायव्हर उतरला आणि मागच्या शेगडीत सळई घालून निखारे ढोसू लागला, तर मी खाली उतरून बघत उभी राहिले. पुढे अकोले गाव मागे पडलं आणि डोंगर दिसायला लागले. मी तोपर्यंत डोंगर पाहिलेला नव्हता. आमच्याकडे सगळं सपाट, वाळलेलं. मला इतका आनंद झाला होता, की तोंडावर कोळशाची काजळी बसली आहे हेही कळलं नाही.

बाईंनी ती काजळी पाहिली, पाणी दिलं आणि विचारलं, "देवी टोचलेल्या आहेत ना?"

"हो," मी म्हटलं.

"कातडीचं काही दुखणं?"

"नाही."

खरं असं होतं, की मला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून इसब होतं. कोपरांच्या घड्यांत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर. उन्हाळ्यात कातडी कोरडी, जाड, चामड्यासारखी. थंडीत ती चिरायची, त्यातून पाणी यायचं, आणि खाज अशी की झोपेत नखांना रक्त लागायचं. कडुलिंबाचा पाला, खोबरेल, गंधकाचं मलम, सगळं झालं होतं. शाळेत मुली माझ्या पाटीला हात लावत नसत. म्हणून मी मनगटापर्यंत बाह्यांची आणि बंद गळ्याची पोलकी शिवून घेतली होती.

आणि देवी मला टोचलेल्या नव्हत्याच. आमच्या गावात टोचणारा दरवर्षी यायचा, माझी बाही वर करायचा आणि म्हणायचा, "ही कातडी ओली आहे. पुढच्या वर्षी बघू." अशी सोळा-सतरा वर्षं पुढच्या वर्षावर गेली. पण हे बाईंना सांगितलं असतं तर संध्याकाळच्या मोटारीनं परत जावं लागलं असतं, आणि मला तिथं राहायचं होतं.

काम मला पहिल्या आठवड्यातच आवडलं. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांतून माणसं यायची. डोक्यावर हिरड्याची गाठोडी, खांद्यावर घोंगडी. बाजार आटोपून ती दवाखान्याच्या ओट्यावर बसायची. कोणाला खोकला, कोणाला विंचू चावलेला, कोणाच्या पायात काटा मोडून पू झालेला. मी नाव-गाव लिहायची, जखमा धुवायची आणि बाई काय बोलतात, काय बघतात, ते टिपायची. रोज काहीतरी नवीन कळत होतं. सकाळ कधी होते, असं मला होऊन जायचं.

पौषात बातमी आली, की वरच्या दोन वाड्यांत देवी आल्या आहेत. चार दिवसांत नगरहून एक टोचणारे आले. पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, पायात जाड वहाणा. सगळे त्यांना चाचा म्हणत, मग मीही म्हणू लागले. त्यांच्याजवळ एक लहानसं मडकं होतं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बारीक नळ्या, आणि नळ्यांत लस. उन्हानं ती फुकट जाते म्हणून मडकं ते लेकरासारखं सांभाळायचे. टोचण्याचं हत्यार म्हणजे दाते असलेली एक छोटी गोल चकती. ती दंडावर दाबून पिळायची. लेकरं किंचाळायची.

बाजाराच्या दिवशी आम्ही दवाखान्यासमोर टोचायला बसलो. मी दंड पुसायची, लेकरू धरायची. आठ दिवसांनी तीच लेकरं परत आली, टोचलेलं उठलं की नाही ते बघायला. तेव्हा तीन वर्षांची एक मुलगी माझ्या मांडीवर बसल्या बसल्या झोपली. तिच्या दंडावरचा टपोरा फोड फुटून माझी बाही कोपरापाशी ओली झाली. मी लक्ष दिलं नाही. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्यानंतर सातव्या दिवशी मला थंडी वाजून आली. दुसऱ्या दिवशी कोपराच्या घडीत पुळ्या दिसल्या. मधोमध खळगा असलेल्या, टपोऱ्या, एकाला एक लागून. मी बाही खाली ओढली आणि कामाला गेले. दुपारपर्यंत उभं राहवेना. बाईंनी मला आपल्या खोलीत नेऊन निजवलं, कात्री घेतली आणि दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत कापल्या.

त्यांनी दोन्ही दंड उजेडात फिरवून बघितले. मग म्हणाल्या, "इसब किती वर्षांचं?"

"लहानपणापासून."

"आणि दंडावर वण एकही नाही. तू माझ्याशी खोटं बोललीस."

"हो बाई."

"घरी पाठवीन म्हणून?"

मी मान हलवली. त्या रागावल्या होत्या, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. मला पाणी पाजलं तेही भांडं दातांवर आपटून. पण त्या खोलीतून हलल्या नाहीत. परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, सल्फाच्या गोळ्या दिल्या, वडिलांना तार केली. गोळ्यांनी मूळ रोग जाणार नव्हता, फक्त फोडांत पू होऊ नये एवढंच, हेही स्पष्ट सांगितलं. पुढचे चार दिवस मला नीट आठवत नाहीत. दोन्ही हात सुजून खांबासारखे झाले. मान वळेना, सुजेनं एक डोळा उघडेना.

पाचव्या दिवशी सकाळी मला जरा शुद्ध आली. ऊन अंथरुणावर आलं होतं. मी माझा उजवा हात बघत पडले होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. आणि बघता बघता मला एक गोष्ट दिसली. फोड वाटेल तिथे उठलेले नव्हते. जिथे इसब होतं तिथेच ते होते. इसबाची कड मला तोंडपाठ होती. इतकी वर्षं मी तीच खाजवत आले होते. ती जिथे संपत होती, बरोबर तिथे फोड संपत होते. त्याच्या पलीकडे, मनगटाजवळ, चांगल्या कातडीवर एकही नाही. मी धडपडत गुडघा वाकवून मागे बघितलं. तिथेही तसंच. मानेवर हात फिरवला. तसंच.

"बाई," मी हाक मारली. आवाज फुटत नव्हता. "बाई, इकडे या. ही रेघ बघा."

बाई भिंग घेऊन आल्या. त्यांनी माझा हात उन्हात धरला आणि कड पुन्हा पुन्हा बघितली. त्यांचा चेहरा बदलला. मी त्यांना तोवर तसं कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या मुलीसारख्या त्या माझ्या खाटेवर मांडी घालून बसल्या.

"हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात दोन-चारच ओळी होत्या. इसब असलेल्याला टोचू नये, आणि नुकतं टोचलेल्या लेकराजवळ त्याला जाऊ देऊ नये. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. बघते आहे ते आज."

"पण असं का होतं? त्या मुलीला तर एकच फोड आला."

"तिची कातडी निरोगी. जिथे टोचलं तिथेच अंगानं लशीतला रोग धरून ठेवला आणि संपवला. तुझी कातडी वर्षानुवर्षं सुजलेली, चिरलेली. आत शिरायला वाट आहे हे तर दिसतंच. पण तेवढंच नसावं. आत शिरल्यावर जे अंगानं अडवायचं, ते या सुजलेल्या जागेत अडवलं जात नाही. का, ते मला ठाऊक नाही. कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही."

कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट माझ्या हातावर आहे, या विचारानं मला ताप असूनही हसू आलं. ज्या कातडीला आजवर कोणी हात लावत नव्हतं, तिच्याकडे एक शिकलेली बाई भिंग लावून डोळे भरून बघत होती. बाईंनी मला वही आणि पेन्सिल दिली. वहीत माणसाची आकृती काढली आणि म्हणाल्या, "रोज सकाळी कुठे काय आहे ते यात भर. हात चालला तर." हात चालत नव्हता. पण मी भरलं.

दोन दिवसांनी आई आली. दारातच तिने मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग बाईंना म्हणाली, "हिला लहानपणी टोचू दिलं नाही हो त्या माणसानं. मी त्याला फार बोलायची. टोचलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

बाई म्हणाल्या, "टोचलं असतं तर दोन वर्षांचं पोर यातून उठलं नसतं. त्या माणसाचे उपकार आहेत तुमच्यावर."

आईनं तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "पुढच्या बाजारी तो भेटला तर मी काय तोंड दाखवू?" आणि बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

खपल्या धरल्या, सुटल्या. महिन्याभरानं मी उठून बसले तेव्हा हातांवर गुलाबी डागांचं जाळं होतं. मी बाईंना विचारलं, "हीच खरी देवी असती तर?"

"तर आज आपण बोलत बसलो नसतो, बहुधा."

"आणि आता मला देवी होतील का?"

"नाही. टोचण्यानं जे व्हायचं, ते तुला दसपटीनं झालं आहे. काही वर्षं तरी देवी तुझ्या वाटेला जात नाहीत."

मी ताडकन उभी राहिले. "मग मला चाचांबरोबर डोंगरावर जाता येईल."

बाईंनी मला खाली बसवलं, दूध प्यायला लावलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. आईला मात्र त्यांनी दोन दिवस समजावलं.

फाल्गुनात मी आणि चाचा निघालो. चाचांचं मडकं त्यांच्या हातात, माझ्या पिशवीत पट्ट्या, परमँगनेट आणि वही. बाईंनी नियम सांगितला होता. टोचण्याआधी प्रत्येक घरी विचारायचं, कुणाला इसब आहे का. असेल तर त्याला टोचायचं नाही. त्या घरातल्या दुसऱ्या लेकराला टोचलं, तर खपली पडेपर्यंत इसबवाल्याला मावशीकडे, आत्याकडे, कुठेही दूर ठेवायचं. पण गावात देवी असतील आणि तो माणूस त्यांच्यात राहत असेल, तर गोष्ट वेगळी. "मग काय करायचं ते तिथे बघून ठरवा," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या वाडीत फजिती झाली. 'इसब' हा शब्द कोणाला कळेना. लोक म्हणाले, "खरूज व्हय? नायटा व्हय?" मग मी पहिल्यांदा चारचौघांत बाह्या वर केल्या आणि कोपर दाखवलं. "असं. घडीत येणारं, वर्षानुवर्षं न जाणारं, थंडीत वाढणारं." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आसं आसंल तर सुई न्हाई लावायची?" मी म्हटलं, नाही. पंधरा मिनिटांत अख्ख्या वाडीला इसब झालं. बायका-पोरं कोपरं खाजवत रांगेत उभी राहिली. चाचा एका दगडावर बसून डोळे पुसत हसत होते. मी एकेकाची घडी उन्हात बघितली. खरा इसबवाला त्यात एक निघाला, सात वर्षांचा मुलगा. त्याच्या दोन बहिणींना टोचलं आणि त्याला त्याच दिवशी पलीकडच्या वाडीला आजोळी धाडलं. तीन आठवडे तो तिथं शेळ्या राखत मजेत राहिला. त्याला काही झालं नाही. असं पुढे आणखी तीन घरांत झालं. दर वेळी मला वाटायचं, या पोराला जे होणार होतं ते मी स्वतः भोगलं आहे, आणि याला ते होणार नाही. डोंगर चढताना मी चाचांच्या पुढे पळायची.

पाचवी वाडी अगदी वर होती. एका घराच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले होते. घरातला धाकटा मुलगा घोटीकडे रेल्वेच्या कामावर गेला होता, तो अंगावर देवी घेऊन आला होता. पडवीत निजला होता. त्याची आई त्याच्याजवळ बसलेली, तिच्या तोंडावर जुने वण. म्हणजे तिला भीती नव्हती. पण आत चुलीपाशी थोरली सून होती, वीस-एकवीस वर्षांची, मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. तिने पदर सावरला तेव्हा मला तिची मान दिसली, मग हात दिसले. विचारायची गरजच नव्हती.

मी बाहेर आले. "चाचा, हिला इसब आहे. आणि मायलेकरं दोघंही टोचलेली नाहीत, दंडावर वण नाही."

चाचा मडकं खाली ठेवून बसले. "बाळाला टोचलं तर बाळाचं आईला लागणार. ती अंगावर पाजते."

"आणि नाही टोचलं तर?"

"दोघांना देवी. घरात एकच चूल आहे, पोरी."

बाई एका दिवसाच्या वाटेवर होत्या. चाचा माझ्याकडे बघत होते. "इसबाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," ते म्हणाले. "तू सांग. मी टोचतो."

मी विचार केला, माझं दुखणं वाईट होतं, पण मी उठले. कोवळी नव्हते म्हणून उठले, आणि कोणीतरी दिवसरात्र जवळ होतं म्हणून उठले. देवी मात्र अशा कातडीवर आल्या तर उठणं कठीण. मी म्हटलं, "दोघांना टोचा. तिला मांडीवर, जिथं कातडी साफ आहे तिथं. मी इथं राहते."

सासू उठून आली. "द्येवी घरात असताना सुई लावायची न्हाई. कोप हुईल."

"आजी, हे बघा," मी म्हटलं आणि दोन्ही हात पुढे केले. "मलापन तुमच्या सुनेसारखंच हुतं. मला हे असं झालं. हिलापन होईल, मी खोटं सांगत नाही. पण देवी आल्या तर याच्यापेक्षा वाईट होईल. मी जात नाही. ही बरी होईपर्यंत तुमच्या घरात राहीन."

तिने माझ्या हातावरून बोटं फिरवली. "किती दिस?"

"लागतील तितके."

"आन् तुला न्हाई का व्हनार?"

"नाही. माझं होऊन गेलं."

तिने पडवीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "टोच," ती म्हणाली.

चाचा पुढच्या वाड्यांना गेले. मी राहिले. पहिले सहा दिवस काहीच नाही, आणि ते सर्वांत अवघड. मी सून आणि बाळ यांना गोठ्याच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळं निजवलं. बाळाच्या दंडावर फडकं बांधलं, त्याला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायला लागले. सून रडायची, तिचं दूध वाहून जायचं. आठव्या दिवशी तिला ताप भरला. मांडीवरचा फोड उठलाच, पण हातांवर आणि मानेवरही उठले. मी रोज सकाळी तिची कड बघायची. आज फोड कुठवर आले, काल कुठवर होते. जांभळ्या पाण्याच्या पट्ट्या, पेजेचं पाणी, हात खाजवू नये म्हणून मऊ चिंध्या. ती विचारायची, "नर्सबाई, तुमालाबी इतकंच हुतं?" मी म्हणायची, "याच्या दुप्पट." ते खरंच होतं. माझ्यापेक्षा तिचं इसब कमी होतं, आणि बाळापासून तिला दूर ठेवलं होतं. बाराव्या दिवशी एक सकाळ अशी आली, की नवीन फोड एकही नव्हता. मी तीनदा बघितलं. मग बाहेर जाऊन सासूला सांगितलं. ती शेणानं अंगण सारवत होती. तशाच शेणाच्या हातांनी तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

दोघांना, आई आणि बाळाला, देवी आल्या नाहीत. धाकट्या दिराचा एक डोळा गेला, पण तो जगला.

राजूरला परतले तेव्हा बाईंनी मला अंघोळसुद्धा करू दिली नाही. ओट्यावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. वही त्यांच्या मांडीवर, मी बोलत होते आणि त्या मध्येमध्ये विचारत होत्या, "सातव्या दिवशी मान कशी होती? गुडघ्यामागे काही नव्हतं? नक्की?" ओट्यावर पेशंट जमले. बाईंनी त्यांना जरा थांबा म्हणून सांगितलं.

वैशाखात बाजाराच्या दिवशी ती सून आली. बाळ कडेवर, हातात हिरव्या बांगड्या. मानेवरचे गुलाबी डाग फिके झाले होते, आणि त्यांच्यामध्ये जुनं इसब पुन्हा डोकं काढत होतं. "खाज परत आली, नर्सबाई," ती हसत म्हणाली. मी म्हटलं, "माझीपण." मग आम्ही दोघी भर बाजारात मिरच्यांच्या ढिगाजवळ उभ्या राहून एकमेकींची कोपरं बघत बसलो. मी तिला थांबायला सांगितलं, आत गेले, झिंकच्या मलमाची मोठी डबी भरली आणि पळतच तिच्याकडे आले.